समजून घ्या : ‘दर्पण’चे दोन रकाने आणि स्वतःच्या बळावर शिकलेले इंग्रजी

दरवर्षी ६ जानेवारीला राज्यभर पत्रकार दिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घातला जातो, ‘दर्पण’ची आठवण निघते, सत्कार होतात. सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले या त्यांच्या गावी त्यांचे स्मारक आहे. मराठी पत्रकारितेचे जनक ही त्यांची ओळख शाळकरी मुलांनाही पाठ असते.

त्यांची दुसरी ओळख मात्र मागे पडली आहे. बाळशास्त्री पेशाने शिक्षक होते. जेमतेम ३४ वर्षांच्या आयुष्यातला बहुतेक काळ त्यांनी शिकण्यात, शिकवण्यात आणि शिकवण्यासाठी पुस्तके तयार करण्यात घालवला. कोकणातल्या खेड्यातून निघालेला मुलगा इंग्रजी शिकला कसा आणि शिकल्यावर इतरांसाठी त्याने काय केले, हे दहावीनंतर इंग्रजीपाशी अडणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडेल.

आज हा विषय कशासाठी?

दहावीच्या निकालात कोकण विभाग २०१२ पासून सातत्याने राज्यात पहिला येतो आहे. त्यात सिंधुदुर्ग जिल्ह्याचा वाटा मोठा. निकालाच्या दिवशी आपल्याकडे पेढे वाटले जातात, शाळेच्या फलकावर टक्केवारी लागते. त्याच मुलांपैकी कुणी तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगच्या होडीवर कामाला लागतो, कुणी घरच्या होमस्टेचे फोन घेऊ लागते, कुणी पुण्या-मुंबईत इंजिनीअरिंगला जाते. तिथे पहिले इंग्रजी वाक्य बोलायची वेळ येते तेव्हा इंग्रजीच्या पेपरातले ऐंशी गुण कामाला येतातच असे नाही.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला. म्हणजे इंग्रजी बोलण्याची गरज दारात आली आहे. प्रश्न आहे तो शिकण्याच्या पद्धतीचा. आपण स्वाध्याय पुस्तिका भरतो, पण त्यातून भाषा शिकतो का?

बाळशास्त्रींचे बालपण कसे गेले?

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ मध्ये पोंभुर्ल्यात झाला. त्या वेळी सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नव्हता, तो १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगणारे विद्वान गृहस्थ होते. मुलाचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. मराठी लेखन-वाचन, संस्कृत, पाठांतर असा तो अभ्यास होता.

ते सहा वर्षांचे असताना १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कोकण इंग्रजांच्या ताब्यात गेले. कचेऱ्या बदलल्या, कागदपत्रांची भाषा हळूहळू बदलू लागली. जुन्या शास्त्री घराण्यांपुढे प्रश्न होता : मुलाला पुढे कशाच्या आधारावर उभे करायचे? गंगाधरशास्त्रींच्या मुलाला साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुंबईला पाठवण्यात आले. तिथे त्याला सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजेच बापू छत्रे यांचा आधार मिळाला.

बापू छत्रे हे स्वतः भाषांतरकार. इंग्रजीतील मजकूर मराठी मुलांना कळेल अशा भाषेत आणण्याचे काम ते करत होते. ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीच्या गोष्टी ही त्यांची पुस्तके १८२८ ची. इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतले ज्ञान मराठीत आणणे या दोन गोष्टी एकत्र चालतात, हे बाळशास्त्रींनी या माणसाजवळ राहून पाहिले.

तेव्हा इंग्रजी शिकायला साधने कोणती होती?

फार थोडी. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी शब्दकोश छापून आला १८३१ मध्ये, म्हणजे बाळशास्त्री इंग्रजी शिकून झाल्यावर. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश तर १८४७ चा. तो बाळशास्त्रींनी पाहिलाच नाही. एखादा इंग्रजी शब्द अडला की आज आपण बोट टेकवतो आणि अर्थ समोर येतो. त्यांना तो अर्थ वाक्यावरून ओळखावा लागे, कुणाला तरी विचारावा लागे आणि पुढच्या वाक्याशी ताडून पाहावा लागे.

मुंबईत तेव्हा नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळा नुकत्याच उभ्या राहत होत्या. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि बापू छत्रे हे तिचे महत्त्वाचे कार्यकर्ते. बाळशास्त्री तिथे शिकले आणि विशीत पोहोचेपर्यंत सोसायटीच्या कामात जबाबदारीच्या जागेवर आले.

इंग्रजीवर ते थांबले नाहीत. संस्कृत तर घरचीच होती. पुढे गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू, फारसी यांसारख्या भारतीय आणि आशियाई भाषा आणि फ्रेंच, लॅटिन, ग्रीक या युरोपीय भाषांचा त्यांनी अभ्यास केला. त्या काळी मुंबईत यातल्या प्रत्येक भाषेचा क्लास नव्हता. एक भाषा नीट शिकताना हाती आलेली शिकण्याची रीत त्यांनी पुढच्या भाषांना वापरली असणार, असे म्हणायला जागा आहे.

‘दर्पण’ दोन भाषांत का निघाले?

‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. बाळशास्त्री तेव्हा जेमतेम विशीचे होते. सुरुवातीला पाक्षिक असलेले हे पत्र काही महिन्यांतच साप्ताहिक झाले आणि सुमारे साडेआठ वर्षे चालले. गोविंद विठ्ठल कुंटे म्हणजेच भाऊ महाजन यांची त्यांना या कामात साथ होती. भाऊंनी पुढे स्वतःचे ‘प्रभाकर’ काढले.

‘दर्पण’चे वेगळेपण पानावरच दिसे. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. यामागे दोन कारणे होती. इथल्या लोकांचे म्हणणे काय आहे ते राज्य करणाऱ्या इंग्रजांना त्यांच्या भाषेत कळावे, हे एक. दुसरे कारण शिक्षणाचे. इथल्या लोकांत युरोपातील विद्यांचा अभ्यास वाढावा आणि देशाच्या भल्याविषयी त्यांनी स्वतंत्रपणे विचार करावा, यासाठी एक जागा असावी, असा हेतू ‘दर्पण’ने सुरुवातीलाच जाहीर केला होता.

स्वतंत्रपणे विचार करणे हा मुद्दा इथे महत्त्वाचा. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागण्यापुरते इंग्रजी शिकणारे पुढे पुष्कळ झाले. बाळशास्त्रींना इंग्रजी हवी होती ती नवी विद्या समजून घेण्यासाठी आणि आपले म्हणणे मांडण्यासाठी.

दोन रकान्यांचा शिकणाऱ्याला काय फायदा?

समजा, १८३२ मधला एखादा विद्यार्थी ‘दर्पण’ घेऊन बसला आहे. मराठी रकाना वाचून बातमी त्याला कळते. मग तो इंग्रजी रकान्याकडे वळतो. विषय आधीच ठाऊक असल्याने निम्मी भीती गेलेली असते. एखादे वाक्य अडले तर उत्तर शेजारीच आहे. मास्तर समोर नसले तरी अभ्यास थांबत नाही.

आजच्या भाषेत हा वर्कशीटच झाला. फरक इतकाच की त्यात रिकाम्या जागा नाहीत. चूक कुठे झाली हे शिकणारा स्वतः तपासतो. ‘दर्पण’ हे काही इंग्रजीचे पाठ्यपुस्तक नव्हते आणि अभ्यास कसा करावा याची सूचनाही पानावर छापलेली नव्हती. पण शिक्षकाने चालवलेल्या पत्राची ही मांडणी शिकणाऱ्याच्या हाती एक साधन देत होती, यात शंका नाही.

अशीच युक्ती साता समुद्रापार अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी, एकाच भाषेत केली होती. चांगला लेख वाचायचा, थोडक्यात टिपणे काढायची, काही दिवसांनी टिपणांवरून तो लेख पुन्हा स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि मूळ लेखाशी ताडून चुका सुधारायच्या. शाळा लवकर सुटलेला हा मुलगा पुढे नावाजलेला लेखक झाला.

मग त्यांनी पाठ्यपुस्तके मराठीत का लिहिली?

इंग्रजीचे इतके अगत्य असलेल्या माणसाने पुस्तके मात्र मोठ्या संख्येने मराठीत लिहिली, हे आज अनेकांना विसंगत वाटेल. मुलांसाठी ‘नीतिकथा’, ‘बालव्याकरण’, ‘सारसंग्रह’, भूगोलाची आणि इतिहासाची पुस्तके त्यांनी लिहिली. ‘शून्यलब्धि’ हे त्यांचे पुस्तक कॅल्क्युलसवरचे. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्या विषयात आजही पोरांची दांडी उडते, तो विषय त्यांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत मांडला. त्यासाठी लागणारे शब्दही बहुतेक नव्याने घडवावे लागले.

१८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. ते मराठीतले पहिले मासिक मानले जाते. विज्ञान, भूगोल, इतिहास असे विषय त्यात येत. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर पहिल्यांदा छापून आली, तीही त्यांच्याच प्रयत्नाने.

यामागचा विचार सोपा होता. विषय मातृभाषेत कळला की शिकणारा त्याविषयी स्वतः प्रश्न विचारू शकतो. नाहीतर तो परकी वाक्ये नुसती पाठ करतो. त्यांच्या आयुष्यात इंग्रजी आणि मराठी एकमेकींच्या वाटेत आल्या नाहीत, एकीने दुसरीला हात दिला.

वर्गात काय घडले?

‘दर्पण’ सुरू झाल्यावर काही काळ बाळशास्त्री अक्कलकोटच्या युवराजांचे शिक्षक होते. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांची साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. पुढे कुलाबा वेधशाळेच्या कामाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. एल्फिन्स्टनचे पहिले भारतीय प्राध्यापक म्हणून दादाभाई नौरोजींचेही नाव घेतले जाते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. बाळशास्त्री १८३४ मध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले, दादाभाईंना पूर्ण प्राध्यापकपद १८५० च्या दशकात मिळाले. आणि दादाभाई हे बाळशास्त्रींच्या विद्यार्थ्यांपैकीच. भाऊ दाजी लाड हे दुसरे नाव.

विद्यार्थ्यांनी केवळ ऐकू नये, वाचावे, लिहावे आणि चर्चा करावी यासाठी नेटिव्ह इम्प्रूव्हमेंट सोसायटीसारख्या मंडळामागे बाळशास्त्रींचा पुढाकार होता. १८४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. तिथे निबंध वाचले जात, त्यावर वाद होत. १८४९ मध्ये या तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकवून झाल्यावर विद्यार्थी स्वतः काय उभे करतात, यावर शिक्षकाचे मोजमाप करायचे तर हा निकाल बोलका आहे.

दादाभाई १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले आणि तिथे भारताच्या दारिद्र्याचा हिशेब इंग्रजीत मांडत राहिले. भाषा म्हणजे आपले म्हणणे मांडण्याचे साधन, हा धडा पोंभुर्ल्याच्या शिक्षकापासून लंडनपर्यंत असा पोहोचला.

शेवटची वर्षे कशी गेली?

एक शिक्षक किती मुलांपर्यंत पोहोचणार? या प्रश्नावरचे उत्तर म्हणजे शिक्षकांचे शिक्षण. १८४५ मध्ये मुंबईत अध्यापक वर्ग सुरू झाला आणि त्याचे प्रमुखपद बाळशास्त्रींकडे आले. शाळा तपासनीस म्हणूनही ते काम करत होते. खेड्यातली शाळा आणि मुंबईचे कॉलेज या दोन्ही टोकांची त्यांना माहिती होती.

हे काम रुळते आहे तोवर मे १८४६ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. वय होते ३४. पत्रे, पुस्तके, मासिक, मंडळ, अध्यापक वर्ग अशा प्रत्येक कामात एक समान धागा दिसतो. शिक्षक समोर नसतानाही शिकणाऱ्याचे अडू नये, यासाठीची ती तजवीज होती. इतक्या लवकर गेलेल्या माणसाचे काम टिकले त्याचे हेही एक कारण.

आजच्या कृतिपत्रिकेशी याचा संबंध काय?

बाळशास्त्रींनंतर मराठी माणसाच्या कित्येक पिढ्या ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ घेऊन इंग्रजी शिकल्या. थोडे शब्द, एखादा नियम आणि मग भाषांतरासाठी वाक्ये अशी तिची रचना. अनेक घरांत क्लास परवडत नव्हता, तिथे तर्खडकरच मास्तर होते. आता बोर्डाच्या इंग्रजीच्या परीक्षेत कृतिपत्रिका असते. पत्र लिहा, मुलाखतीसाठी प्रश्न तयार करा, तक्त्यावरून परिच्छेद लिहा, अशा कृती त्यात येतात. हेतू चांगला आहे : मुलांनी उत्तर पाठ करू नये, भाषा वापरावी.

शिक्षणशास्त्रात याला ‘लर्नर ऑटोनॉमी’ म्हणतात. १९७०-८० च्या सुमारास युरोपात आँरी होलेक यांनी ही कल्पना मांडली. काय शिकायचे, कसे शिकायचे, किती जमले हे ठरवण्याची जबाबदारी शिकणाऱ्याने स्वतःकडे घेण्याची क्षमता, असा तिचा आशय. मराठीला हा विचार परका नाही. धड्याखालच्या प्रश्नांना आपण पूर्वीपासून ‘स्वाध्याय’ म्हणतो. शब्दातच ‘स्व’ आहे. स्वतः करायचा अभ्यास.

मग बिघडते कुठे?

या बातमीदाराचा अनुभव सांगतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी कम्युनिकेशन स्किल्स असा विषय होता. त्याची छापील वर्कबुक होती. स्वतःची ओळख करून द्या, गटचर्चेतले मुद्दे लिहा, जोडीदाराशी फोनवरचा संवाद लिहा. कॉलेजचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण गोष्ट बऱ्याच ठिकाणी अशीच आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरची वर्कबुक हॉस्टेलवर फिरली आणि साठ जणांनी साठ पुस्तिका भरल्या. माझ्या वर्कबुकात मी सीनियरचे छंद लिहिले होते. सही झाली, गुण मिळाले. पहिल्या मुलाखतीत छंद विचारले तेव्हा मला तीन वाक्ये सलग बोलता आली नाहीत.

दोष वर्कबुकचा नव्हता. ती भरायची वस्तू आहे, असे आम्ही मानले. तपासणाऱ्यांनीही पाने भरली आहेत एवढेच पाहिले. शाळेत बाजारातल्या गाईडमधून कृतिपत्रिकेची तयार उत्तरे उतरवली जातात तेव्हा हेच घडते. चुकायची संधीच हिरावली की शिकायची संधी जाते.

दोन रकान्यांचा प्रयोग आज कसा करता येईल?

यासाठी क्लास लागत नाही. हातात फोन आहे, तेवढा पुरे. पद्धत अशी :

१. एकाच घटनेची एक छोटी बातमी मराठीत आणि एक इंग्रजीत निवडा. विषय ओळखीचा घ्या : मासेमारीचा हंगाम, हापूसचा दर, क्रिकेट. फोनमधल्या स्प्लिट स्क्रीनवर दोन्ही शेजारी ठेवता येतात. तेच तुमचे दोन रकाने.

२. आधी मराठी वाचा, मग इंग्रजी. प्रत्येक शब्द शोधू नका. अंदाज करा, वहीत लिहा आणि शेवटी पाच शब्दच कोशात पाहा.

३. इंग्रजी रकाना बंद करा. मराठीवरून चार-पाच वाक्ये स्वतःच्या इंग्रजीत लिहा. ट्रान्सलेट ॲप या पायरीला वापरू नका.

४. आता मूळ इंग्रजी उघडा आणि आपल्या वाक्यांशी ताडून पाहा. चुका दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करा. खाडाखोड राहू द्या, ती तुमची प्रगती दाखवते.

५. तीच बातमी कागद न बघता एक मिनिट मोठ्याने सांगा. फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा सांगा. मित्र किंवा मैत्रीण असेल तर तिने एक प्रश्न विचारावा.

६. आठवड्याच्या शेवटी स्वतःलाच लिहून सांगा : काय जमले, काय अडते, पुढच्या आठवड्यात काय करायचे.

शिक्षकांनाही यात काम आहे. पानावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : यातले तुझे वाक्य कोणते? एवढ्याने कॉपी निम्म्यावर येईल.

एक मर्यादाही लक्षात घ्या

बाळशास्त्रींची गोष्ट सांगताना एक बाब झाकता येत नाही. ते शिकलेल्या घरात जन्मले होते. लहानपणीच अक्षरओळख झाली आणि मुंबईत आधार मिळाला. त्यांच्याच काळात कोकणातल्या बहुसंख्य मुलांना आणि जवळपास सर्वच मुलींना शाळेचे दार बंद होते. जिद्द असली की सगळे जमते, असे म्हणून ही वस्तुस्थिती पुसता येणार नाही. स्वतः शिकायचे तरी हाताशी पुस्तक लागते, विचारायला कुणीतरी लागते आणि वेळ लागतो. वाडीतल्या शाळेत वाचनालय, इंग्रजीला शिक्षक आणि बोलायला भीती वाटणार नाही असा वर्ग देणे ही व्यवस्थेचीच जबाबदारी आहे.

एक गोष्ट मात्र १८३२ च्या तुलनेत बदलली आहे. तेव्हा दुसरा रकाना मिळण्यासाठी कुणाला तरी वृत्तपत्र काढावे लागले. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. येत्या ६ जानेवारीला पोंभुर्ल्यात हार घातला जाईल तेव्हा एखाद्या शाळेत मुलांनी दोन रकान्यांची एक वही सुरू केली, तर बाळशास्त्रींमधल्या शिक्षकाचीही आठवण राहील.